बावीस गुणिले वीस

प्रिंट एक्स्चेंज म्हणजे मुद्राचित्रकारांची, म्हणजे ठशावरून हाताने चित्रं छापणाऱ्यांची, भिशी. २० जण जमवायचे, प्रत्येकाने आपल्या एकाच चित्राच्या २२ प्रिंट काढून संयोजकाकडे धाडायच्या आणि बदल्यात सगळ्यांच्या चित्रांचा २० प्रिंटचा संच घरी न्यायचा. जास्तीच्या दोनांतली एक प्रदर्शनाला, दुसरी टपालात जे गहाळ होईल त्याच्या नावाने. एकूण ४४०. फरक एवढाच, की भिशीतले पैसे ओले नसतात. संयोजक अर्थातच मी.

पहिला फोन ठरलेला. “सर, सतरा चालतील का?” हा हमखास ड्रायपॉइंटवाला. सुईने तांब्याची प्लेट ओरखडली की रेघेच्या कडेला धातूची बारीक कोर उठते. शाई तिच्यात अडकते, म्हणून ती मखमली काळी रेघ येते. पण प्रेसचा रूळ दर फेरीला ती कोर थोडी थोडी चेपतो आणि दहा-पंधरा प्रिंटनंतर मखमलीचं मांजरपाट होतं. प्लेटवर पोलादाचा मुलामा चढवून घेता येतो, पण हे सतराव्या प्रिंटनंतर सांगून काय उपयोग? ‘लिनो (कोरायला मऊ लिनोलियम) किंवा लाकूड घ्या’ असं मी पत्रकात ठळक छापतो. पत्रक वाचायची आपल्याकडे पद्धत नाही.

कागदाचा हिशेब इतका सोपा, की सगळे तिथेच चुकतात. २२ बाय ३० इंची तावाचे ११ बाय १५चे चार तुकडे होतात. २२ प्रिंटना साडेपाच ताव, म्हणून मंडळी सहा आणतात. म्हणजे चुका करायला मुभा फक्त दोन! कागद ठशावर नेमक्या जागी न बसता सरकणार, कागद जास्त भिजणार, समासावर अंगठा उमटणार. आठ ताव आणावेत आणि दहा चुका निवांत कराव्यात.

खरा वैरी पावसाळा. तेलाची शाई पाण्यासारखी उडून वाळत नाही. तिच्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. गठ्ठ्यात हवा नाही, म्हणून गठ्ठ्यात वाळणंही नाही. जुलैत लिनोचा गच्च काळा भाग दोन-दोन आठवडे बोटाला लागतो. कोबाल्ट ड्रायरचे एक-दोन थेंब पुरतात. सढळ हाताने ओतलात तर शाई रोलरवरच साय धरते. तरी शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री कुणीतरी छापतंच आणि मधे ग्लासिनचा गुळगुळीत पातळ कागद न घालता सकाळी स्पीड पोस्ट करतं.

एकूण कितीपैकी ही कितवी प्रिंट तो आकडा डावीकडे, सही उजवीकडे, दोन्ही पेन्सिलीने. दर वेळी एखादी २३/२२ निघते.

संच लावायच्या दिवशी पंखा बंद. जमिनीवर धुतलेल्या चादरी, त्यावर २० ढीग, मोबाइल आणि चहा दुसऱ्या खोलीत. हात कितीही धुतले तरी प्रिंट उचलायची ती जाड कागदाच्या दुमडलेल्या दोन कपट्यांनीच. २५० जीएसएमचा (चौरस मीटरला २५० ग्रॅम) एक तुकडा साधारण २७ ग्रॅमचा, म्हणजे संच अर्ध्या किलोच्या वर. शिवाय दोन्ही बाजूंनी कडक पुठ्ठा. नळीत गुंडाळून पाठवायचा मोह टाळावा. जाड कागद एकदा गोल झाला, की सरळ व्हायला फार भाव खातो.

शेवटी मोजणी. ४३९. पुन्हा मोजली तरी ४३९. कुणावर आळ घेण्याआधी लिनोंचा गठ्ठा एकेक उलटून बघावा. एकीच्या पाठीला काळाभोर हत्ती चिकटलेला सापडतो. सोडवायला गेलं, की सोंड तिकडेच राहते.