घरबसल्या क्रांती कशी करावी

अन्यायाविरुद्ध लढण्याची तीव्र इच्छा असलेल्या, परंतु त्यासाठी पायांत चपला घालण्याची तयारी नसलेल्या सुज्ञ वाचकांसाठी, गेल्या मंगळवारच्या ताज्या अनुभवाच्या आधारे, काही सूचना येथे देत आहे.

सर्वप्रथम संतापावे. संताप रात्री अकरानंतर व्यक्त केलेला उत्तम, कारण त्या वेळी संबंधित कार्यालय बंद असते आणि उत्तर येण्याचा धोका नसतो.

प्रोफाइलचा फोटो काळा करावा.

ऑनलाइन निवेदनावर सही जरूर करावी. मात्र ते छापून कोणाच्या टेबलावर ठेवायचे आणि त्याची पोच कोण घेणार, असले क्षुद्र प्रश्न विचारून वातावरण बिघडवू नये.

कोणी निदर्शनांची हाक दिलीच, तर तत्काळ अंगठा दाखवावा. आमच्या भागातली बस कोणतीही सूचना न देता बंद झाली, तेव्हा ग्रुपवर तीन दिवस नुसता वणवा पेटला होता. कार्यालयासमोर मंगळवारी सकाळी अकराला जमण्याच्या माझ्या आवाहनाला 186 जणांनी अंगठा दाखवला, आणि मराठीत अंगठा दाखवणे म्हणजे काय, ते मला मंगळवारी कळले. जमलो आम्ही पाच जण. त्यांतले एक गृहस्थ सेल्फी काढून, त्याखाली ‘लढा सुरू’ असे लिहून, सव्वाअकराला निघून गेले. वीस फुटी फलक आम्ही दोघांनी दोन टोकांना धरला, तर तो मधोमध असा लोंबला की ‘बस पुन्हा सुरू करा’ यातले मधले दोन शब्द घडीत गेले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना ‘बस करा’ एवढेच दिसले. पहारेकऱ्यानेही शेवटी आम्हाला तेच सांगितले. संध्याकाळी ग्रुपवर, स्वतः न आलेल्या एका सद्गृहस्थांचा अभिप्राय आला : ‘नियोजन कमी पडले.’

नियोजन! 1955 च्या 1 डिसेंबरला अमेरिकेतल्या माँटगोमेरीत रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय महिलेला बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी न सोडल्याबद्दल अटक झाली, आणि त्याच रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने जागून बसवरच्या बहिष्काराची हजारो पत्रके छापून काढली. त्यानंतर तिथले कृष्णवर्णीय 381 दिवस बसमध्ये चढले नाहीत; ते पायी गेले, एकमेकांच्या मोटारींतून गेले. कुठे मोटारी थांबतील, कोण कोणाला नेईल, पेट्रोलचे पैसे कुठून येतील, हे रोज कोणीतरी बसून ठरवत होते. आमच्याकडे चार ओळींचे पत्रक वाटायला दुसरा माणूस मिळाला नाही.

‘हल्ली क्रांत्या फोनवरच होतात’, असेही एकाने मला सुनावले आणि दाखला ईजिप्तमधल्या ताहरीर चौकातल्या आंदोलनाचा दिला. अहो, 28 जानेवारी 2011 रोजी ईजिप्तच्या सरकारने इंटरनेटच तोडले होते आणि त्याच दिवशी माणसे आधीपेक्षा जास्त संख्येने रस्त्यावर उतरली. फोनवर निरोप गेले असतील, पण चौकात माणसेच उभी होती.

आता उपरोध पुरे. ग्रुपवरच्या मंडळींनो, तुम्हाला वेळ नव्हता, हे खोटे आहे. अकरा ते बारा या तासात तुम्ही ग्रुपवर टाकलेले 43 संदेश मी मोजले आहेत. कोणी आजारी होते, कोणाला रजा मिळाली नाही, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ‘मी येणार’ असे लिहून घरी बसणाऱ्याने निदान दुसऱ्यांना नियोजन शिकवू नये. बस अजून बंदच आहे. येत्या मंगळवारी अकरा वाजता आम्ही पुन्हा जाणार आहोत. फलक माझ्या दारामागे गुंडाळून ठेवला आहे आणि तो मधोमध धरायला दोन माणसे हवी आहेत.