ताटं किती?

तांबडा आणि पांढरा रस्सा ऐन पंगतीत वाढवता येतो, मटणाच्या फोडी मात्र वाढवता येत नाहीत, हे कोल्हापुरातल्या कोणत्याही आचाऱ्याच्या अर्थशास्त्राचे पहिले कलम आहे. त्यामुळे मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीच्या वार्षिक स्नेहभोजनाचा स्वयंपाक करणारे मामा आदल्या दिवशी दुपारी फोन करतात आणि नमस्कार-चमत्काराच्या भानगडीत न पडता विचारतात, "अण्णा, ताटं किती?" आजवर मी या प्रश्नाचे उत्तर एका दोनशेपानी वहीतून देत आलो. घरोघरी जायचे, चहा नको म्हणत म्हणत घ्यायचा आणि चार उभ्या काड्यांवर पाचवी आडवी मारत परत यायचे, अशी ती पद्धत होती. पंगतीत कधी कुणी उपाशी उठले नाही, परंतु यंदाच्या बैठकीत माझ्या तोंडून "एक्सेल" हा शब्द निघून गेला आणि वही इतिहासजमा झाली.

वास्तविक माझी आणि एक्सेलची ओळख ही रंकाळ्यावर रोज सकाळी फिरायला येणाऱ्या माणसाशी असते तशी, म्हणजे मान हलवण्यापुरतीच आहे. एका सहकारी संस्थेत मी तीस वर्षे किर्द-खतावणी लिहिली, आणि शेवटच्या काही वर्षांत वहीची जागा संगणकाने घेतली तरी बेरीज मी आधी कागदावर करून मग पडद्यावर पडताळत असे. तरीही गल्लीतल्या दोन पोरांनी फाइल तयार केली, ११८ घरांची नावे एकाखाली एक घातली, सी कॉलमला "येणार का?" आणि डी कॉलमला "किती जण?" असे मथळे दिले आणि ती फाइल ज्याला त्याला मोबाइलवर भरण्यासाठी मोकळी सोडली. माझ्याकडे फक्त मोजण्याचे काम होते. "अण्णा, एक फॉर्म्युला टाकला की झालं," असे सांगून ती दोन्ही पोरे फुटबॉलचा सामना बघायला निघून गेली.

खतावणीची सवय अशी, की बेरीज ज्या त्या रकान्याच्या तळाशीच मांडायची. त्यानुसार मी सी कॉलमच्या तळाशी गेलो आणि तिथेच संपूर्ण सी कॉलम मोजण्याचा "काउंट" नावाचा फॉर्म्युला लिहिला. एक्सेलने तातडीने एक चौकट पुढे करून फॉर्म्युला गोल फिरतो आहे, अशी तक्रार केली आणि उत्तराच्या जागी शून्य ठेवले. ज्या कॉलमची मोजणी करायची त्याच कॉलममध्ये मोजणारा जाऊन बसला होता आणि स्वतःलाही मोजू पाहत होता. नदी ओलांडून आलेल्या दहा शहाण्यांची गोष्ट मला आठवली. त्यांतला प्रत्येक जण स्वतःला सोडून नऊ मोजतो आणि दहावा वाहून गेला म्हणून सगळे मिळून रडतात. निदान मी त्यांच्या उलट टोकाची चूक केली आहे, अशी स्वतःची समजूत घालून मी फॉर्म्युला उचलून शेजारच्या मोकळ्या कॉलममध्ये नेला.

तिथे उत्तर आले ३.

एवढ्या मोठ्या गल्लीतून तीनच घरे येणार म्हटल्यावर मी पुण्याला मुलीला फोन लावला. "बाबा, काउंट फक्त आकडे मोजतो. शब्द मोजायचे असतील तर काउंटए लावा," असे ती म्हणाली. बारकाईने पाहिल्यावर खुलासा झाला. ज्या तीन घरांनी "किती जण?"चा आकडा चुकून "येणार का?"मध्ये घातला होता, तेवढीच काउंटच्या पंक्तीला बसली होती. ज्यांनी शहाण्यासारखे शब्दांत उत्तर दिले ते सगळे उपाशी.

काउंटए हा त्याच्या नेमका उलट, म्हणजे रिकामे नसेल ते सगळे मोजणारा, दिलदार गडी निघाला. त्याने आकडा दिला १२१. गल्लीत घरे ११८ आणि उत्तरे १२१! शोध घेता घेता कळले की त्याने "येणार का?" हा मथळाही एक घर म्हणून धरला होता. शिवाय एक्सेलच्या २००७ पासूनच्या आवृत्त्यांत एका कॉलममध्ये १०,४८,५७६ ओळी असतात, आणि एवढे रान मोकळे दिसल्यावर कुणीतरी यादीच्या खाली थोडे अंतर सोडून त्याच कॉलममध्ये किराणा लिहून ठेवला होता: सुके खोबरे, तीळ, खसखस, धने, अशा बारा वस्तू. थोडक्यात, ज्या खोबऱ्याचा रस्सा व्हायचा होता तेच रस्सा ओरपायला येणार होते. मी मोजणीची हद्द सी २ पासून सी ११९ पर्यंत आखली आणि आकडा १०८ वर उतरला.

तोही मला पटेना, कारण डोळ्यांना रिकामी दिसणारी घरे दहांपेक्षा नक्कीच जास्त होती. अखेर सी ४७ या सेलमध्ये शिरून पाहिले. सेल पांढरीशुभ्र होती, मात्र लुकलुकणारी उभी रेघ डाव्या कडेला टेकलेली नसून कडेपासून किंचित आत सरकून उभी होती. कुणीतरी आधी काहीतरी लिहिले होते, मग विचार बदलला आणि पुसण्यासाठी स्पेसची कळ दाबून मोकळा झाला. माणसाच्या डोळ्यांना ते रिकामे, काउंटएच्या लेखी मात्र ते एक वजनदार अक्षर. अशी नऊ घरे निघाली. एकेक सेल खरोखरची पुसली तेव्हा ९९ हा आकडा हाती लागला. त्यातही दोन भावांच्या सेल पोरांनी जोडून एक केल्या होत्या. अशा जोडलेल्या सेलमध्ये वरच्या ओळीतला मजकूरच जमेला धरला जातो, त्यामुळे धाकटा भाऊ हिशेबातून गळाला होता. त्या दोघांची वाटणी होऊन कितीतरी वर्षे झाली. जे भाऊबंदांना जमले नाही ते एक्सेलने एका बटणात जमवले होते आणि ते मोडून धाकट्याचे उत्तर वेगळे लिहिण्याचे पाप माझ्या हातून घडले. शंभर पूर्ण झाले.

परंतु शंभर उत्तरे म्हणजे शंभर होकार नव्हेत. मुलीने आता काउंटइफ सुचवला, म्हणजे अट घालून मोजायचे. "हो" ही अट घातली तर ३१ आले, कारण तो अक्षरन्‌अक्षर "हो" असेल तेच धरतो. "होय", "व्हय", "येतोय की", "आलोच समजा" हे सगळे त्याच्या दृष्टीने परकेच. मग "हो"च्या पुढे तारांकन ठेवले, म्हणजे "हो"ने सुरू होणारे काहीही चालेल. आकडा ५८ वर गेला आणि मी खुशीत चहा मागवला. चहा येईपर्यंत सहज नजर टाकली, तर त्या ५८ मध्ये "होईल तसं बघू" होते, "होय, पण ह्यांचं पथ्य आहे" होते आणि दोन ठिकाणी "होणार नाही" हा स्वच्छ नकारही होता. नकार वेगळे काढावेत म्हणून "नाही"पुढे तारांकन लावले, तर त्याने "नाही कसं म्हणणार?" हा पेठेतला सर्वांत भरभक्कम होकार नकारांत ढकलला. "न यायला काय झालंय?" हे उत्तर तर कोणत्याच अटीत बसेना. कोल्हापुरात होकार हा प्रश्नाच्या किंवा धमकीच्या रूपात देण्याचा रिवाज आहे, याची फॉर्म्युला रचणाऱ्यांना कुणी कल्पना दिलेली दिसत नाही.

चार घरांनी नुसते प्रश्नचिन्ह टाकले होते. ते मोजायला गेलो तर ९ आले. अटीतले प्रश्नचिन्ह म्हणजे कोणतेही एक अक्षर, असा तिथला कायदा असल्याने "य", "न" आणि आडव्या रेघाही त्यात घुसल्या होत्या. त्याच्याआधी नागमोडी रेघेचे चिन्ह दिल्यावर चार शंकेखोर मिळाले. "वरीलप्रमाणे" लिहिणारी सहा घरे मात्र मला शेवटपर्यंत छळत राहिली. त्यांनी लिहिले तेव्हा वर त्यांचे शेजारी होते, पण नंतर कुणीतरी सगळी यादी अकारविल्हे लावली आणि आता त्यांच्या वर भलतेच कुणीतरी आले होते. एका निष्ठावंत मांसाहारी कुटुंबाच्या डोक्यावर "उपवास आहे" येऊन बसले होते.

शेवटी फॉर्म्युला बाजूला ठेवून शंभरही उत्तरे मी वाचून काढली, जिथे अर्थ लागला नाही तिथे खिडकीतून हाक मारून विचारले आणि ७९ घरे नक्की केली. तेवढ्यात मामांचा फोन आला. मी मोठ्या अभिमानाने आकडा सांगितला.

"घरं नव्हं अण्णा, माणसं सांगा," मामा म्हणाले.

डी कॉलमची बेरीज मारली तर ११२ आली, म्हणजे घरटी दीड माणूसही नाही. कारण उघडच होते. "५ जण", "आम्ही दोघं", "घरचे सगळे" आणि "४ + पाव्हणं" ही उत्तरे बेरजेने शब्द म्हणून बिनबोभाट वगळली होती. फोन चालू ठेवून मी कपाटातून जुनी वही काढली, पडद्यावरचे एकेक घर वाचत चार उभ्या आणि एक आडवी अशा काड्या मारल्या आणि पंधरा मिनिटांत २८४ हा आकडा दिला.

मामा क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, "त्यात तुमचं घर धरलंय नव्हं?"

मी यादीत खाली सरकत सरकत आमच्या नावापर्यंत आलो. सी ६४. सेलमध्ये शिरून पाहिले. लुकलुकणारी रेघ डाव्या कडेला अगदी चिकटून उभी होती.