वेठ, पगार आणि ४०१ बाहुल्या

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मी पटली, म्हणून उत्तराला चार दिवस लागले. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. प्राचीन इजिप्तवरच्या माझ्या लेखात 'पिरॅमिड गुलामांनी नव्हे, पगारी कामगारांनी बांधले' असं एक वाक्य होतं. सरांच्या मते मी राजांच्या जुलमावर रंगसफेदी केली आणि ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने सांगितलेली एक लाख राबणारी माणसं लपवली. दुसरा आक्षेप असा, की जिवंतांना उपाशी ठेवून मेलेल्यांवर सोनं उधळणाऱ्या या मरणवेड्या लोकांचं कौतुक कशाला? आणि तिसरा, इजिप्तच्या राजांच्या 'रामेसिस' या नावातला राम मला दिसला नाही.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, तो लवकर संपेल. 'रा' म्हणजे सूर्यदेव आणि 'मेस' म्हणजे जन्म देणं. रामेसिस म्हणजे 'रा'ने ज्याला जन्म दिला तो. थुतमोस या नावात तोच 'मोस' आहे, फक्त देव थोथ. तेव्हा रामेसिसमधून राम काढलात तर थुतमोसमधून कुणाला काढणार? दुवा हवाच असेल तर मिरीचा घ्या. दुसऱ्या रामेसिसच्या ममीच्या नाकात काळी मिरी सापडली आहे. हा राजा इ.स.पू. १२१३ मध्ये वारला, आणि मिरी पिकायची आपल्या दक्षिणेकडे. नावाच्या कोटीपेक्षा मला ते मिरीचे दाणे कितीतरी मोलाचे वाटतात.

आता गुलामांकडे. आधी माझी चूक कबूल करतो: 'पगारी कामगार' हे शब्द चुकले. मी राजांच्या थडग्यांवर काम करणाऱ्या देर अल-मदिनाच्या कारागिरांची माहिती वाचत होतो आणि त्यांचा पगार उचलून गीझाचा सगळ्यात मोठा पिरॅमिड बांधून घेणाऱ्या खुफू राजाच्या पिरॅमिडला चिकटवला. दोन्हींमध्ये जवळपास १,४०० वर्षांचं अंतर आहे. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासून आपण जितके दूर, त्याच्या चौपट. विद्यार्थ्याने असं केलं असतं तर तुम्ही पेपरवर लाल रेघ ओढली असती.

पण म्हणून 'गुलाम' बरोबर ठरत नाही. आणि गंमत म्हणजे योग्य शब्द आपल्याकडे तयार आहे, मला तो लेख लिहिताना सुचला नाही इतकंच. वेठ. गावातून माणसं बोलवायची, सरकारी कामावर ठरावीक मुदत राबवायची, खायला घालायचं, मुदत संपली की घरी सोडायचं. माणूस कुणाच्या मालकीचा नसतो, त्याला विकता येत नाही, पण 'येत नाही' म्हणायची सोयही नसते.

हेरोडोटसही नीट वाचला तर तेच सांगतो. एक लाखाचा आकडा त्याचाच, पण दर तीन महिन्यांनी पाळी बदलायची हेही त्याचंच. गुलामांना कसली आलीय पाळी? शिवाय तो इजिप्तमध्ये गेला खुफूनंतर दोन हजार वर्षांनी. पैसे कमी पडले म्हणून खुफूने स्वतःच्या मुलीला कुंटणखान्यात बसवलं, ही कथाही त्यानेच ऐकून लिहिली आहे. त्यावरही विश्वास ठेवायचा का?

त्याच्यापेक्षा मेरेर बरा. २०१३ मध्ये लाल समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे पिएर ताले यांच्या चमूला पपायरसचे, म्हणजे तिथल्या जुन्या कागदाचे, तुकडे सापडले. त्यातली रोजनिशी या मेरेरची. खुफूच्या कारकिर्दीच्या शेवटी शेवटी तो सुमारे चाळीस माणसांची टोळी घेऊन तुराच्या खाणीतला चुनखडीचा दगड नावेत भरायचा आणि गीझाला पोचवायचा. आज दगड चढवला, आज निघालो, अमुक ठिकाणी रात्र काढली, असं कोरडं लिखाण. भव्यतेबद्दल एक अक्षर नाही! गीझाला १९९० मध्ये कामगारांची थडगी सापडली, तीही पिरॅमिडच्या जवळच. तिथल्या सांगाड्यांमध्ये मोडून नीट बसवलेली हाडं आहेत, म्हणजे उपचार होत होते. जवळच्या त्यांच्या वस्तीत गुरं-शेळ्यामेंढ्यांच्या हाडांचे ढीग निघाले, म्हणजे उपाशीही नव्हते. एका टोळीने तर स्वतःचं नाव 'मेनकौरेचे पियक्कड' असं दगडावर लिहून ठेवलंय; मेनकौरे म्हणजे गीझाच्या तिसऱ्या पिरॅमिडचा राजा.

मात्र एवढ्यावर थांबलो तर तुमचा रंगसफेदीचा आरोप खरा ठरेल. ब्रुकलिनच्या संग्रहालयात एक पपायरस आहे, पिरॅमिडांनंतर सातेकशे वर्षांनी, तिसऱ्या अमेनेमहत राजाच्या काळातल्या नोंदींचा. सरकारी वेठ चुकवून पळालेल्या लोकांची ती यादी. पळालेला माणूस हाती लागेपर्यंत त्याच्या घरच्यांना अडकवून ठेवायचे. म्हणून माझं वाक्य आता असं वाचा: पिरॅमिड वेठीवर आलेल्या माणसांनी आणि कायमच्या कारागिरांनी बांधले, त्यांना पोटभर खायला मिळत होतं आणि त्यांना नाही म्हणता येत नव्हतं. युद्धकैदी आणि विकत घेतलेले गुलाम इजिप्तमध्ये होतेच, नवराज्याच्या, म्हणजे थुतमोस-रामेसिस राजांच्या, काळात तर बरेच. पण खुफूच्या बांधकामाचा भार त्यांच्यावर नव्हता.

देर अल-मदिनाचा पगार मात्र खराखुरा. साध्या कारागिराला महिन्याला साडेपाच खार धान्य, म्हणजे चारशे लिटरच्या वर. ते थकलं तेव्हा, तिसऱ्या रामेसिसच्या २९ व्या वर्षी, इ.स.पू. ११५७ च्या सुमारास, हे लोक 'आम्ही भुकेले आहोत, महिन्याचे १८ दिवस उलटले' असं म्हणत कामावरून उठले आणि तिसऱ्या थुतमोसच्या मंदिरामागे ठिय्या देऊन बसले. तुमचं 'जिवंतांना उपाशी ठेवून' इथे थोडं खरं ठरतं. फक्त ती उपाशी माणसं गप्प बसली नाहीत.

याच गावचं एक मस्टर ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. दुसऱ्या रामेसिसच्या ४० व्या वर्षाचं, चुनखडीच्या लादीवर लिहिलेलं. खाडे आणि खाड्यांची कारणं. विंचू चावला. डोळे दुखतात. बिअर बनवत होता. आईच्या देहाला पट्ट्या गुंडाळत होता. हे शेवटचं कारण वाचून मी जरा थांबलो. आपण काचेच्या पेटीतली ममी पाहतो तेव्हा तिच्यासाठी कुणी तरी रजा टाकली असेल हे डोक्यात येत नाही.

म्हणून 'मरणवेडे' मला मान्य नाही. सेन्नेजेम नावाच्या तिथल्याच एका कारागिराचं थडगं आहे. भिंतीवर तो आणि त्याची बायको परलोकात, इआरूच्या शेतांत. तो नांगर धरतोय, ती मागून बी टाकतेय. पीक कमरेच्या वर, कालव्यांना पाणी, आणि दोघांच्या अंगावर सणाचे पांढरेशुभ्र कपडे! नांगरताना असले कपडे कोण घालतं? तर ज्याला शेतीतलं पीक हवंय, चिखल नकोय तो. मरणाची हौस असलेला माणूस असलं चित्र काढून घेत नाही. इथलंच जगणं, थोडं सोयीचं करून, पुढे चालू राहावं एवढीच त्याची मागणी.

आणि सोयीची मुख्य अडचण कोणती? तुम्ही ओळखलं असेल. वेठ! मेल्यावरही सरकारी बोलावणं येणार ही त्यांची पक्की समजूत होती. त्यासाठी थडग्यात 'शब्ती' नावाच्या छोट्या बाहुल्या ठेवत. त्यांच्यावर लिहिलेल्या मंत्राचा आशय असा: हे शब्ती, शेतं पिकवायला, काठच्या जमिनी भिजवायला, पूर्वेची वाळू पश्चिमेला वाहून न्यायला मला बोलावलं, तर 'हा मी आलो' असं तू म्हण. म्हणजे बदली कामगार. पुढे हे प्रकरण इतकं वाढलं, की वर्षाच्या दर दिवसाला एक याप्रमाणे ३६५ बाहुल्या, आणि दर दहांमागे चाबूकवाला एक मुकादम, असे ३६. एकूण ४०१.

ब्रिटिश म्युझियममध्येच या बाहुल्यांची एक पावती आहे, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची. अमुन देवाच्या मंदिरासाठी ताईत बनवणाऱ्याने लिहून दिलंय, की ३६५ शब्ती आणि ३६ मुकादम मिळून ४०१ नगांचे पैसे चांदीच्या रूपात चोख मिळाले. मग तो थेट बाहुल्यांकडेच वळतो आणि त्यांना मालकासाठी कामाला लागा म्हणून बजावतो. तुम्ही शोधत होता तो शब्द या पावतीत आहे, सर. त्या बाहुल्यांना तो गुलाम आणि दासी म्हणतो.