दोन इंट, एक चुकीची पावती : सर्व्हंटवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ऐरोलीहून तुम्ही लिहिलंय की, हास्केल भाषेतल्या सर्व्हंट या लायब्ररीवरच्या (तिच्यात वेब सेवेचे पत्ते, म्हणजे राउट, टाइप म्हणून लिहितात) माझ्या लेखाचा सूर ‘कंपाइल झालं म्हणजे झालं’ असा आहे. पण त्यातल्याच ठाण्याच्या सोसायटीच्या पावत्यांच्या उदाहरणात हँडलरची (विनंतीला उत्तर देणाऱ्या फंक्शनची) दोन आर्ग्युमेंट्स उलटी लिहून पाहिली, तर कंपायलरने हूं की चूं केलं नाही. शिवाय एरर पानभर येतात, महापे इथल्या ऑफिसात नव्याने लागलेल्या मुलांना त्या कोण समजावणार? त्यापेक्षा टेस्ट बऱ्या.

उलट्या आर्ग्युमेंट्सचं अगदी खरं आहे, आणि तो लेखातला दोषच आहे. राउटमध्ये आधी सदनिका, मग महिना, दोन्ही कॅप्चर (यूआरएलमधून उचललेल्या किमती) आणि दोन्ही इंट (साधे पूर्णांक). हँडलरने ते महिना, सदनिका असे घेतले तरी टाइप जुळतोच. सदनिका 7 ची डिसेंबरची पावती मागितली की सदनिका 12 ची जुलैची येते, तीही 200, म्हणजे ‘सगळं ठीक’, या स्टेटससह. लॉगमध्ये काही दिसत नाही, आणि दुसऱ्याच सभासदाचा हिशेब भलत्याच्या हाती पडतो.

उपाय न्यूटाइपचा, म्हणजे इंटवरच वेगळ्या नावाचा टाइप चढवण्याचा; मग कंपायलर गल्लत होऊ देत नाही. सदनिका-क्रमांक आणि महिना असे दोन वेगळे न्यूटाइप करा. सदनिकेला यूआरएलमधून वाचण्याचा इन्स्टन्स (त्या टाइपपुरता वाचनाचा कोड) डिराइव्ह केला, म्हणजे कंपायलरकडून आपोआप बनवून घेतला, तरी चालेल. महिन्याला मात्र तो हाताने लिहा, कारण डिराइव्ह केलेला इन्स्टन्स 13 सुद्धा बिनदिक्कत आत घेतो. 1 ते 12 तपासणारं एकच फंक्शन ठेवा, कन्स्ट्रक्टर (इंटपासून थेट महिना बनवणारा) मॉड्यूलबाहेर एक्स्पोर्ट करू नका. मग 13 आला की सर्व्हंट स्वतःच 400 (चुकीची विनंती) देतो, हँडलरपर्यंत काही पोचतच नाही. इथे हमखास राहून जाणारी गोष्ट म्हणजे जेसनचा (डेटा ज्या मजकुरी स्वरूपात जातो-येतो त्याचा) इन्स्टन्स. तो वेगळा असतो. त्यातही तेच तपासणीचं फंक्शन वापरलं नाही, तर पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं सताड उघडं. यूआरएलमधला 13 अडेल, रिक्वेस्ट बॉडीतला आत शिरेल.

टेस्टचं म्हणाल तर त्या हव्यातच, पण त्यांची जागा वेगळी. राउटमध्ये एक क्वेरी-पॅरॅम (यूआरएलमध्ये ‘?’ नंतर येणारी किंमत) वाढवला की हँडलर आणि त्याच टाइपवरून निघालेलं क्लायंट फंक्शन दोन्ही दुरुस्त होईपर्यंत बिल्ड होत नाही. हे काम टेस्टवर टाकलं तर प्रत्येक ठिकाणी कुणीतरी आठवणीने टेस्ट लिहायला हवी. उलट रेकॉर्डमधल्या ‘रक्कम’ फील्डचं नाव बदललं आणि जेसनचा इन्स्टन्स जेनेरिक (फील्डच्या नावांवरून आपोआप बनलेला) असला, तर जेसनमधली कीही बदलते. सर्व्हर आणि हास्केल क्लायंट दोन्ही नव्याने कंपाइल होतात, सगळं हिरवं दिसतं, आणि सभासदांच्या फोनमधलं जुनं अँड्रॉइड अॅप त्या दिवसापासून बंद पडतं. त्यासाठी नमुन्याची जेसन फाइल रेपोमध्ये ठेवून तिच्याशी आउटपुट ताडणारी टेस्टच लागते.

एररबद्दल तुमच्याशी सहमत. राउट एकामागे एक जोडून लांबलचक साखळी केली आणि हँडलरांचा क्रम चुकला, तर कंपायलर अख्खी साखळी छापतो. सर्व्हंटच्या 0.19 आवृत्तीपासून नेम्ड-राउट्स आहेत. प्रत्येक राउट रेकॉर्डचं एक फील्ड होतं आणि एरर बहुतेक वेळा त्या फील्डपाशीच येते. नवीन काम त्यातच करा. आणि प्रत्येक हँडलरची टाइप सिग्नेचर (तो काय घेतो, काय देतो ते सांगणारी ओळ) आधी लिहा, बॉडी नंतर. नव्या मुलांना टाइप-लेव्हलची सगळी यंत्रणा यायची गरज नाही. राउट वाचता येणं आणि त्यावरून हँडलरची सिग्नेचर लिहिता येणं एवढं पुरतं.

तुम्ही न काढलेला एक मुद्दा मला जास्त गंभीर वाटतो. लॉगिन झालेला सभासद कोण, हे ऑथ कॉम्बिनेटर (राउटमधला लॉगिन तपासणारा भाग) हँडलरला सांगतो. ही सदनिका त्याची आहे का, हे सांगत नाही. एका हँडलरमध्ये ती तुलना विसरली तरी सगळं कंपाइल होतं. म्हणून पावती काढणाऱ्या फंक्शनने नुसता सदनिका-क्रमांक घेऊच नये, ‘मालकी तपासलेली सदनिका’ असा टाइप घ्यावा, आणि तो फक्त तपासणीच्या फंक्शनमधूनच मिळावा. तपासणी गाळली तर बिल्डच अडेल. लेखातलं उदाहरण आज याच पद्धतीने बदलतो आहे, महिन्याच्या न्यूटाइपसकट.