कबूल आहे, युअर ऑनर

शाळेच्या ग्रुपवर परवा पुन्हा तोच वाद. रखडलेल्या कुठल्याशा खटल्याची बातमी कुणीतरी टाकली आणि लगेच एकाचं सुरू झालं, "कसाबने स्वतः गुन्हा कबूल केला होता, तरी आपले न्यायाधीश खटला चालवत बसले. अमेरिकेत दहा मिनिटांत निकाल लागला असता. काय रे, खरं ना?" शेवटचा प्रश्न मला. न्यू जर्सीत राहतो म्हणजे मी इथल्या कोर्टांचा जामीनदार!

अरे बाबा, २० जुलै २००९ ला कसाबने आर्थर रोडच्या विशेष कोर्टात अचानक कबुली दिली, हे खरंच. पण त्यात सगळे आरोप येत नव्हते, आणि बराच दोष त्याने मेलेल्या साथीदारावर ढकलला होता. न्यायाधीश ताहलियानींनी कबुली नोंदवून घेतली आणि साक्षीपुरावे चालू ठेवले. आरोपी 'कबूल' म्हणाला की लगेच शिक्षा ठोठावलीच पाहिजे, असं आपला कायदा म्हणत नाही. मे २०१० मध्ये फाशी सुनावली. दहा महिने लागले, ही कूर्मगती?

आणि त्याच २६/११ ची रेकी करणारा हेडली? मार्च २०१० मध्ये शिकागोत त्याने गुन्हा कबूल केला, तो सौदा करून, म्हणजे कबुलीच्या बदल्यात सवलत घेऊन. फाशी नाही, भारताच्या ताब्यात देणं नाही. २०१३ मध्ये ३५ वर्षं. त्याच्यावर खटला उभा राहिलाच नाही. हा वेग हवाय तुम्हाला?

सौद्याची सोय आपल्याकडेही २००६ पासून आहे, सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांना, बायका-मुलांवरचे गुन्हे वगळून. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. समोरच्या पक्षाला बाहेर ठेवून न्यायाधीश आरोपीला बंद दाराआड विचारतो, हे स्वखुशीने करतोयस ना? फारसं कुणी त्या वाटेला जात नाही, ते सोडा. इथे अमेरिकेत २०१२ च्या निकालात इथल्या सुप्रीम कोर्टानेच आकडा दिलाय: फेडरल कोर्टांतल्या दोषसिद्धींपैकी ९७ टक्के कबुलीवरच्या.

इतकं सगळं मी ग्रुपवर तावातावाने लिहिलं. एक लिहिलं नाही.

आमच्या टाउनच्या कोर्टात मीही एकदा उभा राहिलोय. केअरलेस ड्रायव्हिंगचं तिकीट होतं, चूक समोरच्याची होती. कॉरिडॉरमध्ये प्रॉसिक्युटरने फाइलवरून नजर न उचलता सांगितलं, कलम बदलून अनसेफ ड्रायव्हिंग करून टाकू, लायसन्सवर दंडाचे पॉइंट्स नाहीत, दंड भरा आणि जा. व्हिसाचं रिन्यूअल अडकलेलं. मी मान हलवली. मग जजसाहेबांनी माइकवर विचारलं, कुणी जबरदस्ती केली का? गाडी बेफिकिरीने चालवलीत म्हणूनच कबूल करताय ना? मागे बाकांवर चाळीसेक माणसं आपापली तिकिटं हातात धरून बसलेली.

"येस, युअर ऑनर." शपथेवर खोटं बोललो, तेही स्वच्छ आवाजात.

पार्किंगमध्ये बायको म्हणाली, "पुण्यात पन्नास रुपयांच्या पावतीसाठी मामाशी अर्धा तास हुज्जत घालायचास तू. इथे काय झालं तुला?" मी गाडी सुरू केली, दोनदा आरसा पाहिला, आणि घरापर्यंत पंचवीसच्या वर गेलो नाही.

ग्रुपवर मित्राचं उत्तर आलंय: "ते सगळं ठीक, पण दहा मिनिटांत लागतो ना निकाल?"

माझा चार मिनिटांत लागला होता. हे टाइप केलं, आणि पुसून टाकलं.