कॅमेऱ्याचं तोंड कुणाकडे?

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. रस्त्यावरच्या गाड्या फोडणाऱ्या तीन-चार पोरांना पोलीस त्यांच्याच वस्तीतून चालवत नेताहेत. एक जण लंगडतोय, एक जण कान धरून माफी मागतोय, वर कुणीतरी दणदणीत गाणं चिकटवलंय. खाली टाळ्यांची ही रांग. "असंच पाहिजे." "पुणे पोलीस जिंदाबाद." एका आजोबांनी लिहिलं, "कोर्टकचेऱ्यांत वर्षं घालवण्यापेक्षा हे बरं." हे आजोबा आणीबाणीत येरवड्यात राहून आलेले आहेत, म्हणून जरा जास्तच खुपलं.

मी विचारलं, यांच्यावरचा गुन्हा सिद्ध झालाय का? उत्तर आलं, "ताई, तुमची गाडी फुटली असती म्हणजे कळलं असतं."

अहो, फुटली आहे. पुढची काच, दोन्ही आरसे. कोयता घेऊन फिरणाऱ्या टोळक्यांची भीती मलाही वाटते आणि ही पोरं पकडली जावीत, त्यांच्यावर नीट आरोपपत्र जावं, शिक्षा व्हावी असंच मलाही वाटतं. पण धिंड ही शिक्षा कुठल्याच कायद्यात नाही. विचारलं तर "तपासासाठी घटनास्थळी नेलं होतं" असं सांगता येतं, आणि घटनास्थळी नेताना सोबत रील काढणारे कसे पोचतात हे कुणी विचारत नाही. शिवाय तो व्हिडिओ पुढे त्या पोराचीच जाहिरात होतो. त्याचे मित्र तोच स्टेटसला ठेवतात, खाली "भाई" लिहून.

मला मात्र दुसरंच खटकलं. तो पोरगा लंगडत का होता? ठाण्यात जाताना नीट चालत होता का? हे सांगू शकेल असा एकच साक्षीदार असतो, तो म्हणजे ठाण्यातला कॅमेरा.

सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० ला, परमवीर सिंग सैनी प्रकरणात, देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावा असा आदेश दिला. कुठे कुठे, तेही सांगितलं: प्रवेशद्वार, कोठडी, कोठडीबाहेरचा बोळ, अधिकाऱ्यांच्या खोल्या, ठाण्याची मागची बाजू. अंधारात दिसेल असं चित्र हवं, आवाजही हवा. चित्रण १८ महिने साठवता आलं पाहिजे, तशी यंत्रणा मिळत नसेल तर निदान वर्षभर. आणि आपल्यापैकी बहुतेकांना माहीत नसलेली एक गोष्ट: ठाण्याच्या दारात मोठा फलक हवा, की इथे चित्रण चालू आहे आणि मानवी हक्कांचा भंग झाला तर ते चित्रण जपून ठेवा असं सांगण्याचा तुम्हाला अधिकार आहे. तुमच्या जवळच्या ठाण्यात असा फलक पाहिलाय का? मी अजून शोधते आहे.

पाच वर्षं होत आली तरी ठाण्यांतले कॅमेरे चालत नाहीत म्हणून २०२५ च्या सप्टेंबरमध्ये त्याच न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. तेवढ्याच काळात आपल्याकडे चौकाचौकांत कॅमेरे आले, सिग्नलच्या पांढऱ्या पट्टीवर चाक गेलं तरी फोनवर दंडाची पावती येते. म्हणजे तंत्रज्ञान जमतं. सिंहगड रोडवर जमतं आणि कोठडीच्या बोळात नेमकं बिघडतं.

परभणीचा सोमनाथ सूर्यवंशी आठवतो ना? कायद्याचा विद्यार्थी, वय ३५. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. सभागृहात सांगितलं गेलं की मारहाण झाली नाही, त्याला श्वसनाचा आजार होता. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याचा उल्लेख होता. पोलिसांवर गुन्हा नोंदवा हे सांगायला जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालय लागलं, आणि त्यावरही सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे हरलं.

परभणी लांब वाटत असेल तर कोथरूड घ्या. ऑगस्ट २०२५ मध्ये तीन तरुणींनी आरोप केला की सासरच्या छळाला कंटाळून आलेल्या एका बाईला मदत केली म्हणून पोलीस त्यांच्या खोलीत घुसले आणि ठाण्यात नेऊन त्यांना जातीवरून शिवीगाळ आणि मारहाण केली. पोलिसांनी ते नाकारलं. गुन्हा नोंदवावा म्हणून आयुक्तालयात रात्री उशिरापर्यंत ठिय्या चालला. खरं काय, खोटं काय, मी न्यायाधीश नाही. पण बंद दाराआडच्या गोष्टीवर दोन्ही बाजू शपथेवर बोलतात तेव्हा कॅमेऱ्याचं काम असतं, आणि तो प्रामाणिक पोलिसाच्याही कामाचा असतो. आपला चांगला हवालदार खोट्या आरोपातून सुटावा असं ज्यांना वाटतं त्यांनी खरं तर सगळ्यात आधी ही मागणी करायला हवी.

तसं हे दुखणं पुण्याला नवीन नाही. १७९१ मध्ये घाशीराम कोतवालाच्या कोठडीत कोंडलेली माणसं गुदमरून मेली, ती बातमी बाहेर फुटली आणि मग शहराने कोतवालाला दगडांनी ठेचलं. तोवर अनेक वर्षं त्याचा कारभार बिनबोभाट चालला होता. शिस्त आहे, चोऱ्या कमी आहेत, असं तेव्हाही कुणी म्हणत असणारच.

कल्याणीनगरचा पोर्शे गाडीचा अपघात घ्या. १९ मे २०२४. दोन तरुण अभियंते गेले, आणि अल्पवयीन आरोपीला काही तासांत जामीन, वर ३०० शब्दांचा निबंध. त्या रात्री पबमधलं चित्रण होतं, रस्त्यावरचं होतं. घोळ कुठे झाल्याचा आरोप आहे? ठाण्यात आणि रक्ताचा नमुना बदलला गेला त्या रुग्णालयात. येरवड्याचे दोन अधिकारी निलंबित झाले ते रस्त्यावरच्या कॅमेऱ्यामुळे नव्हे. लोकांनी आणि बातमीदारांनी प्रश्न विचारणं थांबवलं नाही, म्हणून.

"मग काय, कॅमेरे काढून टाकायचे?" नाही हो. १३ फेब्रुवारी २०१० ला जर्मन बेकरीत १७ माणसं गेली, ते शहर मीही पाहिलंय. स्वारगेटच्या शिवशाही बसमधल्या अत्याचारानंतर, फेब्रुवारी २०२५ मध्ये, आरोपी कोण हे चित्रणावरूनच कळलं. मात्र तोच प्रसंग पूर्ण आठवा. आगारात कॅमेरे होते, सुरक्षारक्षक होते, पोलीस ठाणं हाकेच्या अंतरावर होतं, तरी ते घडलं. आरोपी सापडला शिरूर तालुक्यात, गुनाट गावच्या लोकांनी रात्रभर उसाच्या फडात शोधायला मदत केली म्हणून. कॅमेरा घडून गेल्यावर उपयोगी पडतो. आता टेकड्यांवर, घाटांत, सगळीकडे चेहरे ओळखणारे कॅमेरे येणार म्हणतात. माझी हरकत एवढीच आहे की ते चित्रण कोण पाहतं, किती दिवस ठेवतं, कुणाला देतं आणि चेहरा चुकीचा ओळखला तर दाद कुठे मागायची, याचा कायदा आधी दाखवा. चेहरा ओळखण्यासाठी स्वतंत्र कायदा आपल्याकडे आजही नाही.

आता फोन. हा किस्सा पुण्याचाच आहे आणि आपण तो फार लवकर विसरलो. २०२१ मध्ये नाना पटोले विधानसभेत उभे राहून म्हणाले की माझा फोन "अमजद खान" या नावाने ऐकला जात होता. आरोप असा की राजकीय नेत्यांचे नंबर अमली पदार्थवाल्यांचे म्हणून दाखवले आणि ऐकण्याची परवानगी घेतली. २०२२ मध्ये पुण्यात, आधीच्या पोलीस आयुक्तांवर गुन्हा दाखल झाला. मग सरकार बदललं, तपास बंद करण्याचा अहवाल आला, २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला. कायद्याने प्रकरण संपलं, मला त्यात काही म्हणायचं नाही.

मला ती पद्धत बघायची आहे. फोन ऐकायचा तर गृह सचिवांची लेखी परवानगी लागते आणि ती योग्य होती का हे नंतर एका समितीने तपासायचं असतं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेला हा दंडक. त्या समितीत कोण? सरकारी सचिव. न्यायाधीश एकही नाही. ज्याचा फोन ऐकला त्याला कधी कळवलं जात नाही, मग तो तक्रार करणार कशाची? राजकीय नेत्याला तरी सभागृहात उभं राहता येतं. तुमचं-माझं काय? आणि हो, तो आरोप खरा धरला तर खोटं नाव "अमजद खान"च का सुचलं? कारण त्या नावाच्या फाइलवर सही करताना कुणी दोनदा विचार करणार नाही, याची लिहिणाऱ्याला खात्री असणार. यावर मला वाटतं आपण सगळ्यांनीच जरा थांबलं पाहिजे.

एल्गार परिषदेबद्दल, म्हणजे २०१७ अखेरच्या शनिवारवाड्यावरच्या त्या सभेवरून उभ्या राहिलेल्या खटल्याबद्दल, लिहिलं की कॉमेंटमध्ये काय येतं ते मला पाठ आहे, तरी लिहिते. पुणे पोलिसांनी सुरू केलेला हा तपास, २०२० मध्ये एनआयएकडे, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे, गेला. अर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी संस्थेने २०२१ मध्ये अहवाल दिला की एका आरोपीच्या संगणकात बाहेरून मालवेअर घुसवून फायली पेरल्या होत्या. एनआयएने ते मानलं नाही. ठीक, मग हे ठरवायचं कुठे? खटल्यात. आणि त्या खटल्याची वाट पाहत त्यातले एक आरोपी, ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी, ५ जुलै २०२१ ला गेले, जामिनाचा अर्ज न्यायालयात पडून असताना. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्यात जामीनच इतका अवघड केलाय की खटला उभा राहण्याआधीच शिक्षा भोगून होते. त्यांचे विचार तुम्हाला पटोत न पटोत.

आता आजोबांच्या आणीबाणीकडे येते. जून २०२५ मध्ये राज्य सरकारने आणीबाणीत तुरुंगवास भोगलेल्यांचं मानधन दुप्पट केलं, महिना २०,००० पर्यंत. छान केलं. पुढच्याच महिन्यात, १० आणि ११ जुलैला, दोन्ही सभागृहांनी जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. त्यावर बारा हजारांहून जास्त सूचना आल्या होत्या, काही बदलही झाले, "व्यक्ती आणि संघटना" जाऊन "कडव्या डाव्या विचारसरणीच्या संघटना" आलं. पण बेकायदा कृत्याच्या व्याख्येत प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करायला उत्तेजन देणं हेही बसतं. नगर रोडवर आपण ज्या आगाखान पॅलेसला पाहुण्यांना घेऊन जातो, तिथे १९४२ ते ४४ स्थानबद्ध असलेल्या माणसाचा धंदाच तो होता. सरकार म्हणतं, आंदोलकांवर वापरणार नाही. आणीबाणीत विरोधकांना कोंडणारा मिसा कायदाही आधी तस्करांवर वापरला गेला होताच की.

बरं, आपल्यावर नजर वाढतेय तशी आपली त्यांच्यावरची नजर वाढतेय का? पुणं हे माहिती अधिकाराचं शहर. महापालिकेत जाऊन फायली चाळणारी माणसं इथे आहेत. तळेगावचे सतीश शेट्टी यांनी जानेवारी २०१० मध्ये त्यासाठी जीव गमावला. आणि आता डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(ञ) बदललंय. पूर्वी खासगी माहिती असली तरी व्यापक जनहित असेल तर द्यावी असं त्याच कलमात होतं, आणि जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही असंही होतं. आता तिथे सरळ "वैयक्तिक माहिती" एवढंच राहिलं. कलम ८(२) चा जनहिताचा दरवाजा अजून आहे, पण तो उघडायला भांडावं लागतं. त्याच कायद्यात सरकार स्वतःच्या यंत्रणांना अधिसूचना काढून मोकळं करू शकतं. थोडक्यात, अधिकाऱ्याची मालमत्ता त्याची खासगी बाब, आणि माझं टोल नाक्यावरून जाणं सरकारी नोंद.

"मला काय लपवायचंय?" हा प्रश्न तळजाईवर रोज सकाळी कुणीतरी विचारतंच. काही नाही हो लपवायचं. तरी आपण दार लावून बसतो, पगाराचा आकडा भावाला सांगत नाही, आणि ग्रुपवर "हा मेसेज इथे नको" असं हल्ली जरा जास्त वेळा लिहितो. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क म्हटला, तो गुन्हेगारांसाठी म्हणून नव्हे.

आरडाओरडा केला तर उपयोग होतो, हेही सांगते. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर केंद्राने नव्या फोनमध्ये संचार साथी हे सरकारी ॲप आधीच टाकून द्या असं कंपन्यांना सांगितलं होतं. गदारोळ झाला, आठवड्याभरात सक्ती मागे घेतली.

म्हणून मी आमच्या पोलीस ठाण्याला माहिती अधिकारात अर्ज टाकला आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, १५० शब्दांच्या आत, एकच विषय, नाहीतर तेवढ्यावरून परत करतात. विचारलंय एवढंच: ठाण्यात कॅमेरे किती आणि कुठे कुठे, आज चालू किती, बंद असलेले कधीपासून, आवाज नोंदवला जातो का, चित्रण किती महिने ठेवतात, दारातला फलक लावला आहे का, आणि या कॅमेऱ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या जिल्हा देखरेख समितीने ठाण्याला शेवटची भेट कधी दिली. उत्तराला ३० दिवस. ज्यांना नमुना हवा असेल त्यांनी खाली आपल्या ठाण्याचं नाव लिहा, मेसेंजरवर पाठवते. आजोबांनी मागून घेतलाय. सिंहगड रोड, वारजे आणि हडपसरवाले कुणी असतील तर आधी त्यांनी लिहा, तिकडचं कुणीच अजून आलेलं नाही.