खडखड कुणाची?

निगडी प्राधिकरणात भेळ चौकाच्या अलीकडे आमचा कट्टा. बसणारे बहुतेक जण गाड्यांच्या कारखान्यांत, नाहीतर त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या वर्कशॉपांत आयुष्य घालवलेले. रविवारी मी माझी कॅम्परव्हॅन कट्ट्यासमोर लावली, "खडखड थांबत नाही हो" एवढंच म्हणालो, आणि चहा यायच्या आत दोन तट पडले.

व्हॅन शोरूममधून कोरी घेतली. आतलं काम, म्हणजे पलंग, ओटा, वरची कपाटं, ८० लिटरची पाण्याची टाकी, दुसऱ्या बॉडीवाल्याकडून करून घेतलं. त्यामुळे वॉरंट्याही दोन. गाडीची ३ वर्षांची, आतल्या कामाची १ वर्षाची, आणि त्या वर्षातले तीनच आठवडे उरलेत. ताम्हिणी उतरून माणगावला पोचेपर्यंत मागे बसलेल्याला शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, इतका आवाज. व्हॅनवाले म्हणतात फर्निचर वाजतंय. बॉडीवाला म्हणतो पत्रा थरथरतो, त्याला आम्ही काय करणार? तीनदा गाडी दाखवली. तिन्ही जॉबकार्डांवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदांवर, तीच ओळ: 'आवाजाची तक्रार, तपासले, सामान्य.'

अण्णांनी ३० वर्षं ट्रिम लाइनवर, म्हणजे गाडीच्या आतले भाग बसवण्यात, काढली आहेत. त्यांनी बाहेरूनच कपाटाचं दार हलवून पाहिलं. "अरे, तू घर चाकांवर चढवलंस आणि त्याने गप्प बसावं म्हणतोस? प्लाय आणि पत्रा एकमेकांना घासतात, क्षणभर चिकटतात, सुटतात, परत चिकटतात. तीच कर्रकर्र. सांध्यात फेल्टची पट्टी लाव, ड्रॉवरला दाबून बसणारी लॉकं टाक, ताटांमध्ये टॉवेल घाल. वॉरंटीच्या मागे लागलास तर पेट्रोलच जास्त जळेल."

"अण्णा, त्याला एकही स्क्रू फिरवायला सांगू नका," वकीलसाहेब कप खाली ठेवत म्हणाले. "उद्या बॉडीवाला म्हणेल, मालकाने स्वतःच छेडछाड केली."

"मग मिस्त्रीला दाखवायची पण चोरी?" अण्णांनी विचारलं.

"दाखवायची चोरी नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना दंड केला. बाहेरच्या गॅरेजात गेला म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, हेही त्याच आदेशात बजावलं. दंडावर पुढे अपिलं झाली, तो भाग वेगळा. पण बाहेरच्या कामामुळेच बिघाड झाला, तर कंपनी हात वर करू शकते. म्हणून बघा, फोटो काढा, खोलू नका."

त्यांचं गणित सरळ होतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. आपण मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असली की जिल्ह्यातच काम होतं. आतल्या कामाचे मी ९ लाख दिलेत, त्यावर फी २०० रुपये. दोष नुसता बघून कळत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो.

बंटी मध्येच म्हणाला, "काका, शनिवार-रविवार भाड्याने द्या, खर्च तरी निघेल." वकीलसाहेबांनी त्याला तिथेच थांबवलं. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूचा मालक या कायद्यात ग्राहक धरला जात नाही. पोटासाठी स्वतः राबणाऱ्याला सूट आहे, पण पगारदार माणसाने हौसेच्या गाडीचं भाडं घ्यायला लागलं की समोरचा वकील पहिला तोच कागद काढतो. हे मला माहीत नव्हतं. माझ्या डोक्यात तो विचार दिवाळीपासून घोळत होता. तो त्या क्षणी सोडला.

मला मात्र दोघांचंही पटेना, आणि तसं मी बोललो. फेल्ट लावला तर आवाज दबेल, सैल काय झालंय ते दिसणार नाही. नोटीस पाठवली तर तिच्यात लिहू काय? 'आवाज येतो' याला कुणीही 'सामान्य' म्हणू शकतं. माझ्या वॉरंटी पुस्तकात तर तसं कलमच आहे: कामावर परिणाम न करणारा आवाज आणि कंपन धरलेलं नाही. आवाज कुठल्या सांध्यातून येतो आणि तो सांधा कुणी जोडला, हे ठरलं तरच वॉरंटी कुणाची ते ठरेल.

आमच्या कट्ट्यावरचे मिस्त्री इतका वेळ गप्प होते. ते उठले. "चला, ट्रायल मारू."

अर्धा तास लागला. आधी गाडी रिकामी केली: भांडी, खुर्च्या, स्टेपनीजवळचा जॅकसुद्धा बाहेर. टायरची हवा बरोबर केली, कारण जास्त हवेत प्रत्येक खड्डा पत्र्यापर्यंत पोचतो. टाकी रिकामी. भरलेली असती तर ८० किलो पाणी आत हिंदकळत राहिलं असतं आणि त्याच्या धडधडीत बाकीचं काही कळलं नसतं. मग पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर बंटीने एका वेगात गाडी चालवली. मागे अण्णा आणि मिस्त्री एकेका जोडावर तळहात दाबत सरकत होते. हात दाबला की आवाज थांबतो तो जोड, तिथे मास्किंग टेपचा तुकडा. मी मोबाइलवर चित्रण करत होतो.

एक टक-टक सरकत्या दाराची. दार खालून उचललं की रोलर हातात हलायचा. तो भाग गाडीबरोबर आलेला, म्हणजे व्हॅनवाल्यांचा.

दुसरी खडखड वरच्या कपाटाची. तिसऱ्या ब्रॅकेटचा सेल्फ टॅपिंग स्क्रू, म्हणजे स्वतःच आटे पाडत जाणारा, थेट छताच्या पातळ पत्र्यात मारलेला. भोक लांबट झालं होतं आणि कडेला चकाकणारी धातूची भुकटी साठली होती. अण्णांनी टॉर्च मारला आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज बदलला. ब्रॅकेटच्या मागून दिव्याची वायर गेली होती. पत्र्याच्या कडेला घासून तिचं वरचं आवरण जवळजवळ संपलं होतं. तांबं दिसायचंच बाकी होतं. त्याच्या खाली माझी बायको झोपते.

"इथे पत्र्यात पक्का बसणारा रिव्हेट नट घालून बोल्ट हवा, आणि वायर घासू नये म्हणून भोकाला रबरी कडं, ग्रोमेट," अण्णा म्हणाले. "याला फेल्ट लावायला सांगणारा मीच." मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

म्हणूनच 'आवाज तर येणारच' हे वाक्य मला मान्य नाही. सुटत चाललेला जोड आधी आवाजच करतो. तो आवाज ऐकून घेणं हे सर्व्हिस सेंटरचं काम आहे, आणि माझ्या गाडीत तीन वेळा ते झालं नाही. मला त्याचा राग आहे.

काय लिहायचं ते वकीलसाहेबांनी सांगितलं आणि मी कट्ट्यावर बसूनच दोन वेगळे ईमेल लिहिले. बॉडीवाल्याला: 'वरच्या कपाटाचा तिसरा ब्रॅकेट सैल, स्क्रूचे भोक मोठे झाले, वायरचे आवरण घासले, आगीचा धोका.' व्हॅनवाल्यांना: 'सरकत्या दाराच्या खालच्या रोलरमध्ये ढिलाई.' दोन्हीत 'आवाज' हा शब्द नाही. सोबत फोटो, चित्रण, किलोमीटर, तारीख. आणि जॉबकार्डावर हीच वाक्यं लिहिल्याशिवाय सही करायची नाही.

बॉडीवाल्याचा फोन दुसऱ्याच दिवशी आला. गाडी चार दिवस ठेवून घेतली आणि एक नाही, आठही ब्रॅकेट बोल्टवर घेतले, कारण बाकीच्यांपैकी आणखी दोन भोकांचीही तीच गत निघाली. वायर नवीन टाकली. रोलर शोरूमने वॉरंटीत बदलला.

पलंगाखालची चिरचिर तेवढी राहिली आहे. प्लायवर प्लाय घासतो, बाकी काही नाही, हे मिस्त्रींनी हात दाबून पाहिलंय. वकीलसाहेब म्हणतात तीही लिहून दे, अजून नऊ दिवस आहेत. अण्णांनी घरून फेल्टचा रोल आणून ठेवलाय, आणि बायकोने कात्री घेतली आहे.